माहेरचं नाव सोडू नका : सोनखाणीच्या गावातली स्कॉटिश बाई कागदांत कशी शोधावी

सुरुवात तिच्या मरणापासून करा. ऐकायला अभद्र वाटेल, पण हा उलट दिशेने जाऊन फसलेल्या बाईचा सल्ला आहे. जन्मापासून शोधायला बसलात, तर स्कॉटलंडच्या नोंदवह्यांत एकाच नावाच्या ढीगभर मुली भेटतात आणि त्यांतली आपली कोणती हे सांगायला कुणी नसतं. मरण मात्र एकदाच आणि एकाच गावात होतं. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या कारकुनांनी त्या निमित्ताने बाईच्या अख्ख्या आयुष्याची चौकशी करून ठेवली आहे.

मी यात पडले ती सुनेमुळे. तिचं माहेर व्हिक्टोरियातल्या बॅलरॅटचं, म्हणजे जुन्या सोनखाणीच्या गावचं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आले होते, की घराण्यातली पहिली बाई स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून आली, तंबूत संसार केला, पुष्कळ मुलं झाली. नाव जॅनेट की जेसी, यावरही एकमत नव्हतं. मला वाटलं, चार रविवारचं काम. आता तिसरं वर्ष चालू आहे. मेलबर्न-बॅलरॅटकडच्या आपल्या मराठी घरांत आता अशा सुना-जावई बरेच आहेत आणि नातवंडं शाळेतून घराण्याचा तक्ता करायचं काम घेऊन येतात. त्यांच्या आज्या-आजोबांसाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. आमच्या कुलवृत्तांतात माझ्या आजेसासूबाईंची नोंद सासरी ठेवलेल्या नावाने आहे. पाळण्यातलं नाव आता कुणालाच आठवत नाही. स्कॉटिश बाईचं तसं होत नाही. स्कॉटलंडच्या रिवाजात आणि कायद्याच्या कागदांत लग्नानंतरही तिचं माहेरचं आडनाव टिकून राहतं. थडग्याच्या दगडावरही पुष्कळदा नवऱ्याच्या नावाखाली ‘त्याची पत्नी’ म्हणून तिचं माहेरचं आडनाव कोरलेलं असतं. ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवल्यावर मात्र ती इंग्रजी चालीने ‘मिसेस अमुक’ होते आणि निम्म्या कागदांतून तिचं स्वतःचं नावच पुसलं जातं. या शोधातलं खरं काम म्हणजे त्या ‘मिसेस’च्या मागचं माहेर हुडकणं. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

थोडी पार्श्वभूमी, कारण तारखांशिवाय कागद वाचता येत नाहीत. १ जुलै १८५१ला व्हिक्टोरिया ही न्यू साउथ वेल्सपासून वेगळी वसाहत झाली. त्याच महिन्यात क्लून्सच्या सोन्याची बातमी फुटली आणि ऑगस्टमध्ये बॅलरॅटला सोनं लागलं. दहा वर्षांत वसाहतीची वस्ती सुमारे ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांवर गेली. ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची : बॅलरॅटकडची वाडावुरुंग लोकांची, बेंडिगो-कॅसलमेन या खाणगावांकडची जा-जा-वुरुंग लोकांची. गंमत नव्हे, पण नोंद घेण्यासारखं आहे : स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून जमीनदारांनी हुसकावलेली माणसं इथे येऊन दुसऱ्यांच्या जमिनीवर बसली.

आधी घर, मग दप्तर

घरातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोला. पुरुष कोणती खाण आणि किती औंस ते सांगतात. बायका कोण कुणाची मावशी ते सांगतात आणि आपल्याला मावशीच हवी असते. घरातलं जुनं बायबल मागा. प्रॉटेस्टंट घरांत त्याच्या सुरुवातीच्या किंवा मधल्या कोऱ्या पानांवर जन्म-लग्न-मृत्यू लिहायची पद्धत होती. जुने फोटो उलटे करून बघा; पाठीवर छायाचित्रकाराचं नाव-गाव छापलेलं असतं. जे ऐकाल ते एका वहीत लिहा : डावीकडे साल, मधे घटना, उजवीकडे हे कुणी सांगितलं किंवा कुठे लिहिलंय. उजवा रकाना रिकामा असलेली ओळ म्हणजे अफवा. मी पहिले चार महिने हा रकाना केला नव्हता. त्याची किंमत पुढे मोजली.

मृत्यूचा दाखला

व्हिक्टोरियात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८५३पासून सुरू झाली. तिची सूची वसाहतीच्या, म्हणजे आताच्या राज्याच्या, नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधता येते आणि जुन्या दाखल्याची प्रत पैसे भरून लगेच उतरवून घेता येते. त्याआधीचं जे आहे ते चर्चच्या वह्यांतून घेतलेलं, अगदी त्रोटक. खाणींवर १८५१-५२मध्ये जे वारले, त्यांतल्या कित्येकांची कुठेच नोंद नाही.

व्हिक्टोरियाचा मृत्यूदाखला म्हणजे छोटं चरित्रच. मृत्यूचं कारण, आजार किती दिवस होता, डॉक्टर कोण हे तर असतंच. पण त्यापुढे वडलांचं नाव आणि धंदा, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे झालं, कितव्या वर्षी, कुणाशी, आणि मुलं क्रमाने, वयांसह. मेलेली मुलंही लिहिलेली असतात. समजा मृत्यू १८८९चा आहे आणि ‘व्हिक्टोरियात ३६ वर्षं’ असं लिहिलंय. म्हणजे १८५३च्या आगेमागे ती उतरली. जहाज शोधायला एवढी खूण पुरते.

आता सावधगिरी. ही माहिती मेलेल्या बाईने दिलेली नसते. माहिती देणाऱ्याचं नाव दाखल्यावर असतं, ते आधी वाचा. थोरली मुलगी असेल तर माहिती बरीचशी भरवशाची. जावई असेल तर आजीच्या माहेरच्या नावाचा काय गोंधळ होईल ते आपल्या घरातल्या जावयांवरून ओळखा. इस्पितळाचा कारकून असेल, तर रकान्यांत ‘माहीत नाही’च्या रांगा लागतात. आणि वयावर अजिबात विश्वास ठेवू नका. जहाजाचा सवलतीचा प्रवास वयावर ठरायचा, त्यामुळे चाळिशीची बाई जहाजावर चढताना पस्तिशीची व्हायची आणि मरताना लेकरांच्या अंदाजाने सत्तरीची. मी वयाला धरून बसले आणि एका वेगळ्याच जॅनेटचे पाच दाखले विकत घेतले. ती बाईही चांगली होती, तिचं आयुष्यही मला आता पाठ आहे, पण ती आमची नव्हे.

मुलांचे जन्म : एक नव्हे, सगळे

नवशिके एका मुलाचा जन्मदाखला घेऊन थांबतात. शक्य असेल तर सगळ्या मुलांचे घ्या, निदान पहिल्याचा आणि शेवटच्याचा. व्हिक्टोरियाच्या जन्मदाखल्यात आईबापांचं वय, जन्मगाव, लग्न कुठे-केव्हा झालं आणि आधीची मुलं कोणती हे सगळं विचारलेलं आहे. दर खेपेला थोडं वेगळं उत्तर मिळतं. एका दाखल्यात जन्मगाव ‘स्कॉटलंड’, दुसऱ्यात ‘इनव्हर्नेसशायर’, तिसऱ्यात स्कायमधल्या परगण्याचं, म्हणजे चर्चच्या हद्दीचं (पॅरिशचं), नाव. तो तिसरा दाखला मिळाला, की समजा निम्मी लढाई जिंकली. मुलांच्या जन्मस्थळांची यादी लावली की कुटुंब कुठल्या खाणीवरून कुठल्या खाणीवर गेलं तेही दिसतं.

आणखी एक रकाना लोक वाचतच नाहीत. बाळंतपणाच्या वेळी कोण हजर होतं ते तिथे लिहिलेलं असतं : डॉक्टर, सुईण, शेजारीण. डॉक्टर क्वचितच. सुईण बहुधा शेजारच्या तंबूतली, तीही पुष्कळदा त्याच बेटावरची. ही नावं वहीत उतरवून ठेवा. पुढे लग्नाच्या साक्षीदारांत, दफनाच्या वेळी, जहाजाच्या यादीत तीच नावं पुन्हा दिसतील. परदेशात गेलेली माणसं गावकऱ्यांना धरून राहतात, हे मेलबर्नला गणेशोत्सव करणाऱ्यांना सांगायला नको.

लग्नाच्या दाखल्यात दोघांच्या आईबापांची नावं असतात, म्हणून तो काही झालं तरी मिळवा. ठिकाण म्हणून चर्चऐवजी कुणाचं तरी घर लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. प्रेस्बिटेरियन, म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, लोकांत घरी लग्न लावणं अगदी रूढ होतं. ते घर कुणाचं, हा मात्र शोधण्याजोगा प्रश्न आहे. पुष्कळदा बहिणीचं किंवा मालकिणीचं निघतं. लग्न स्कॉटलंडमध्ये झालं असेल आणि नोंद सापडत नसेल, तरी बाईविषयी भलते निष्कर्ष काढू नका. दोघांनी परस्परांना नवरा-बायको म्हणून कबूल केलं तरी तिथला कायदा ते लग्न मानायचा आणि ही सोय १९४०पर्यंत चालली. अशा लग्नाची वहीत नोंद असेलच असं नाही.

जॅनेट की जेसी?

दोन्ही. स्कॉटलंडमध्ये जॅनेट, जेसी आणि जीन ही नावं एकमेकांच्या जागी सहज वापरली जात. अॅग्नेसला नॅन्सी म्हणत, इझाबेलाला टिबी, हेलनला एलन किंवा नेली, मार्गारेटला पेगी, क्रिश्चनला क्रिस्टीना किंवा कर्स्टी. गेलिक, म्हणजे डोंगराळ भागातली आणि बेटांवरची जुनी भाषा, बोलणाऱ्या बायकांचं तर वेगळंच. मूळ नाव गेलिक आणि इंग्रजी कारकुनाने जवळचं वाटलं ते लिहिलेलं. ओइरिगची युफेमिया किंवा एफी होते, मोरागची मॅरियन किंवा साराही होते. म्हणून शोधताना पहिल्या नावाचा हट्ट सोडा, फक्त आडनाव आणि नवऱ्याचं नाव टाकून बघा.

आडनावातही खोच आहे. ‘मॅक’ कधी ‘मॅक’, कधी नुसता ‘मक्’, आणि जुन्या वर्तमानपत्रांत ‘म’ अक्षरापुढे एक उलटा स्वल्पविराम. तिन्ही पद्धतींनी शोधा. स्कायमध्ये मॅकडोनाल्ड आणि मॅक्लाउड इतके, की गावात सगळेच पाटील असावेत तशी गत. तिथे आडनावापेक्षा वाडीचं नाव जास्त कामाचं.

मदतीला एक रीत आहे. पहिला मुलगा वडलांच्या वडलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडलांच्या नावाचा. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडलांच्या आईच्या. सगळे पाळत नसत, पण पाळणारे भरपूर. आजोबाचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे चटकन समजतं. मूल गेलं तर तेच नाव पुढच्याला पुन्हा देत. त्यामुळे एकाच घरात दोन डंकन दिसले तर दुसऱ्याच्या आधी पहिल्याचं दफन शोधा.

जहाज

व्हिक्टोरियाच्या सरकारी दप्तरखान्याने, म्हणजे पब्लिक रेकॉर्ड ऑफिस व्हिक्टोरियाने, उतारूंच्या दोन सूची फुकट उघड्या ठेवल्या आहेत. एक सरकारी मदतीने आलेल्यांची, १८३९ ते १८७१. दुसरी स्वतःच्या पैशाने आलेल्यांची, १८५२ ते १९२३. दोन्हींत मोठा फरक आहे. स्वखर्चाने आलेल्यांत बाईची नोंद नुसती ‘मिसेस’ आणि आडनाव एवढीच असू शकते. सरकारी मदतीने आलेलीची मात्र नीट उलटतपासणी झालेली असते : वय, कुठल्या परगण्याची, धर्म, वाचता येतं का, लिहिता येतं का, धंदा, आणि उतरल्यावर कुणाच्या घरी किती पगारावर लागली. गरीब असणं इतिहासाच्या कामी येतं ते असं. एकट्या मुली मोलकरणीच्या कामासाठी वसाहतीला हव्याच होत्या, त्यामुळे अशा नोंदी पुष्कळ आहेत.

स्काय किंवा आसपासच्या बेटांवरची असेल तर आणखी एक यादी बघा. १८४६पासून तिकडे बटाट्यावर रोग पडला, उपासमार झाली. १८५२मध्ये हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी निघाली आणि १८५७पर्यंत तिने सुमारे ५ हजार लोकांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. तिचे अध्यक्ष होते सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन. हे मेकॉलेचे मेहुणे, त्याच मेकॉलेचे. तरुणपणी हिंदुस्थानात कंपनीच्या चाकरीत होते आणि १८५९मध्ये मद्रासचे गव्हर्नर होऊन परत आले. सोसायटीच्या याद्यांत कुटुंबवार नावं, वयं आणि गावं आहेत. त्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जपलेल्या आहेत.

त्यातल्या ‘हर्क्युलिस’ जहाजाची हकीकत मुद्दाम सांगते, कारण तिथेच बरेच जण अडकतात. डिसेंबर १८५२मध्ये कॅम्पबेलटाउनहून सातशेहून अधिक उतारू घेऊन ते निघालं. वाटेत देवी आणि टायफसची साथ लागली आणि जहाज आयर्लंडमध्ये कॉर्कच्या बंदरात अडकून पडलं. पुढे काही कुटुंबं फुटली, कुणी याच जहाजाने, कुणी दुसऱ्याने गेलं. म्हणजे आई एका यादीत आणि मुलगी दुसऱ्या यादीत, तीही कदाचित अॅडिलेडच्या बंदरात, असं होऊ शकतं. जहाज सापडलं नाही म्हणजे ती आलीच नाही असं नव्हे. सिडनी, अॅडिलेड किंवा टास्मानियात उतरून खाणींकडे आलेले हजारो होते.

पलीकडचा किनारा

आता कुठे स्कॉटलंडकडे वळा. तिथली सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५पासून आहे, म्हणजे आपली बाई देश सोडून गेल्यानंतर. त्याआधीचं सगळं चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या परगणा-वह्यांत. स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवून सूची फुकट शोधता येते. पानाचं चित्र बघायला मात्र बऱ्याच नोंदींसाठी क्रेडिट विकत घ्यावी लागतात. बारशाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, नोंदीत आईचं माहेरचं नाव बहुधा असतं. इथे माझं पहिलं वाक्य आठवा : मृत्यूदाखल्यातून आईचं माहेरचं नाव आधीच हाती असेल, तरच ढीगभर मुलींतली आपली कोणती ते कळतं.

वही रिकामी निघाली तर? स्कायच्या परगण्यांच्या वह्या एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकातच कुठे सुरू होतात, त्यातही खंड आहेत. १८४३मध्ये चर्च फुटलं आणि डोंगराळ भागातले पुष्कळ लोक नव्या फ्री चर्चमध्ये गेले, त्यानंतर जुन्या वहीत त्यांची मुलं दिसत नाहीत. अशा वेळी दोन वाटा. पहिली, खानेसुमारी. ३० मार्च १८५१ची खानेसुमारी १८५२-५३ला निघालेल्या बाईसाठी सोन्यासारखी आहे. तिच्यात जन्मपरगणा लिहिलेला आहे. १८४१ची जरा फसवी, पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायचं असा तेव्हा नियम होता.

दुसरी वाट मला फार उशिरा सुचली. तिचे जे बहीण-भाऊ मागे राहिले ते १८५५नंतर मेले असणार, आणि स्कॉटिश मृत्यूनोंदीत बापाचं नाव आणि आईचं माहेरचं नाव असतं. म्हणजे आपल्या जॅनेटचे आईबाप तिच्या भावाच्या मरणात सापडतात. एखादं भावंड १८५५ याच वर्षी आईबाप झालं असेल तर नशीब समजा. त्या एका वर्षीच्या जन्मनोंदीत आईबापांचं वय, जन्मगाव, आधीची मुलं असं सगळं विचारलं होतं. कारकून कंटाळले आणि पुढच्याच वर्षी रकाने कमी झाले.

गरज पडली तर चर्चच्या पंचमंडळाच्या, म्हणजे कर्क सेशनच्या, वह्याही चाळा. पुष्कळशा त्याच संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना पंचांसमोर उभं करून बापाचं नाव विचारलेलं त्यांत शब्दशः सापडतं. वाचून अंगावर येतं. घरात सांगण्याआधी कोणाला, किती, कसं सांगायचं याचा विचार करा. परगणा सापडला की नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने नकाशे उघडा; आता ओसाड झालेल्या वाड्यांची घरंही त्यांवर काढलेली आहेत.

खाणीवरचे दिवस

एवढं झालं की सांगाडा उभा राहतो. अंगावर मांस चढवायला वर्तमानपत्रं लागतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह हे संकेतस्थळ फुकट आहे; बॅलरॅट स्टार, बेंडिगो अॅडव्हर्टायझर, कॅसलमेनचं माउंट अलेक्झांडर मेल, बीचवर्थचं ओव्हन्स अँड मरी अॅडव्हर्टायझर, मेलबर्नचं आर्गस असे अंक तिथे मिळतील. यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरांची वाट लागलेली असते, तेव्हा आडनाव तीन-चार चुकीच्या स्पेलिंगांनीही टाका. गावांची जुनी नावंही टाका. बेंडिगो १८९१पर्यंत कागदोपत्री सँडहर्स्ट होतं, कॅसलमेनच्या जागी फॉरेस्ट क्रीक आणि माउंट अलेक्झांडर, वॉल्हालाच्या जागी स्ट्रिंगर्स क्रीक.

बाईचं नाव टाकून फारसं हाती येणार नाही. जन्माच्या जाहिरातीचा मासला बघा : ‘अमुक रस्ता, श्रीयुत तमुक यांच्या पत्नीस पुत्र.’ आईचं नाव नाही, पोराचंही नाही! म्हणून नवऱ्याच्या नावाने, रस्त्याच्या नावाने, खाणीच्या नावाने शोधा. मृत्यूच्या जाहिरातीच्या शेवटी ‘इनव्हर्नेसच्या पत्रांनी कृपया छापावं’ असं असेल तर उडी मारा; माहेर कुठल्या दिशेला आहे ते घरच्यांनीच सांगून ठेवलंय. आर्गसमध्ये हरवलेल्या नातलगांच्या चौकशीचा रकाना असायचा, तोही चाळा.

नवरा वारला की बाई कागदांत अचानक स्वतःच्या नावाने दिसू लागते. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या वहीत आधी त्याचं नाव, पुढच्या वर्षी तिचं. सोबत घर लाकडी की कापडी, खोल्या किती, किंमत किती. या घरपट्टीवाल्या बायकांची एक मजा आहे. १८६३च्या निवडणूक कायद्यात मसुदा करणाऱ्यांनी घरपट्टी भरणाऱ्या ‘सर्व व्यक्तीं’ना मत दिलं आणि बाई हीसुद्धा व्यक्ती असते हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. १८६४च्या निवडणुकीत काही बायकांनी खुशाल मतं टाकली. १८६५मध्ये घाईने कायदा दुरुस्त केला.

मृत्युपत्रं आणि वारसाचे कागद दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर १८४१पासूनचे आहेत. लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेचा कायदा १८७०मध्ये थोडा आणि १८८४मध्ये नीट आला, त्यामुळे त्याआधी सवाष्णीचं मृत्युपत्र सहसा मिळत नाही, विधवेचं मिळतं. आकस्मिक मृत्यूंच्या चौकशीचे कागदही तिथेच आहेत. त्यांत साक्षीदार म्हणून बायका बोलतात आणि कारकून त्यांचं बोलणं उतरवतो. चुलीचा भडका, सोडून दिलेल्या खड्ड्यात बुडालेलं पोर. आपल्या बाईचा आवाज ऐकायची एकमेव जागा बहुधा हीच असते. आमच्या जॅनेटने शेजारणीच्या मुलाच्या चौकशीत दिलेली साक्ष दीड पानाची आहे आणि शेवटी सहीच्या जागी फुली. जहाजाच्या यादीत ‘वाचता येतं, लिहिता येत नाही’ असं होतं, ते इथे जुळलं.

कोर्टाचे आणि पोलिसांचे कागद बघायला कचरू नका. १८५४पर्यंत खाणींवर दारू विकायला बंदी होती, त्यामुळे ‘कॉफी’च्या तंबूतून चोरटी दारू विकणाऱ्या बायकांना सारखा दंड व्हायचा. पोलीस गॅझेटमध्ये बायकोला टाकून पळालेल्या नवऱ्यांची वर्णनं येत. १८५५पासूनच्या स्त्री कैद्यांच्या वह्या उघड्या आहेत आणि नंतरनंतरच्या पानांवर फोटोही आहेत. १८६४च्या कायद्यानंतर सरकारने ताब्यात घेतलेल्या मुलांच्या वह्यांत आईची स्थिती दोन ओळींत लिहिलेली असते, बहुधा निष्ठुरपणे. या वह्या लिहिणारे तिच्या बाजूचे नव्हते, हे वाचताना लक्षात असू द्या. आणि ‘धंदा’ या रकान्यात ‘काही नाही’ किंवा ‘घरकाम’ दिसलं तर ते तसंच्या तसं मानू नका. स्कॉटलंडमध्ये जन्मलेली अॅग्नेस बंटाइन बैलांची गाडी स्वतः हाकत वॉल्हालाच्या खाणींना माल पोहोचवायची. तिची कीर्ती झाली म्हणून आपल्याला ठाऊक. धुणं धुणाऱ्या, खाणावळ चालवणाऱ्या, बाळंतपणं करणाऱ्या बाकीच्या रकान्यांच्या बाहेर राहिल्या.

ती १८९१मध्ये हयात असेल तर एक सुंदर कागद आहे. बायकांना मत मिळावं म्हणून व्हिक्टोरियात दारोदार फिरून सुमारे ३० हजार सह्या गोळा केल्या. चिकटवत नेलेला तो अर्ज सुमारे २६० मीटर लांब झाला. नावं-पत्ते राज्याच्या संसदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. १९०३पर्यंत जगली असेल तर देशाच्या मतदारयादीत तिचं नाव बघा.

एक नसलेला कागद सांगून ठेवते, म्हणजे वेळ जाणार नाही. व्हिक्टोरियाच्या एकोणिसाव्या शतकातल्या खानेसुमारीचे घरोघरचे तक्ते जवळपास सगळे नष्ट झाले आहेत. आकडे उरलेत, नावं नाहीत. म्हणून तर घरपट्टीच्या वह्यांना एवढं महत्त्व.

दफनभूमी

बॅलरॅटच्या जुन्या दफनभूमीची वही संकेतस्थळावर शोधता येते. पंथवार विभाग असतात, स्कॉटिश बाई बहुधा प्रेस्बिटेरियन विभागात. दगड असेल तर ओळन्‌ओळ उतरवून घ्या, आजूबाजूच्या दगडांसकट. गावकरी तिथेही शेजारीच असतात. दगड नसेल तरी वहीतला विभाग, रांग आणि क्रमांक पुरतो. कॅसलमेनजवळ पेनीवेट फ्लॅट नावाची छोटी दफनभूमी आहे, १८५२ ते १८५७मधली. सुमारे दोनशे दफनं, बहुतेक सगळी लेकरांची. तिकडे जाणार असाल तर बाळंतपणाचे दाखले वाचून झाल्यावर जा. नुसतं फिरायला म्हणून नको.

मधली वर्षं हरवली तर

प्रत्येक शोधात एक खड्डा येतो. आमचा १८६१ ते १८६५. बॅलरॅटच्या घरपट्टीत नाव नाही, दोन मुलांच्या मधे पाच वर्षांचं अंतर, तिसऱ्या मुलाच्या शाळेचा पत्ता नाही. अशा वेळी समुद्रापलीकडे बघा. मे १८६१मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात गॅब्रिएल रीडला सोनं लागलं आणि व्हिक्टोरियाच्या खाणी अर्ध्या रिकाम्या होऊन तिकडे धावल्या. ओटागोचं डनीडिन हे १८४८मध्ये फ्री चर्चच्या स्कॉट लोकांनीच वसवलेलं, त्यामुळे स्कॉटिश कुटुंबाला तिकडे ओळखीपाळखीही असत. पुढे १८६५मध्ये न्यूझीलंडमध्येच होकिटिकाकडे झुंबड उडाली. त्या देशाची जुनी वर्तमानपत्रं पेपर्स पास्ट या संकेतस्थळावर फुकट आहेत. तिथले मृत्यूदाखले १८७६पासूनच तपशीलवार, त्याआधीच्या दाखल्यात आईबापांची नावं मिळायची आशा धरू नका. ती तिकडेच राहिली असेल तर १८९३च्या बायकांच्या मतदान-अर्जावर तिची सही शोधा. त्याच वर्षी त्यांना मत मिळालंही.

व्हिक्टोरियाच्या दप्तरखान्यात बाहेर जाणाऱ्या उतारूंचीही सूची आहे, १८५२पासूनची. सध्या मी तीच चाळते आहे. ऑक्टोबर १८६१मध्ये डनीडिनला निघालेल्या एका जहाजावर ‘मिसेस’ आणि आमचं आडनाव अशी एक बाई आहे, सोबत दोन मुलं. पहिलं नाव लिहिलेलं नाही. मुलांची वयं जुळतात, पण वयाला धरून मी एकदा पाच दाखले वाया घालवले आहेत, तेव्हा उजव्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.